मदत हवी आहे : तेराव्या प्रकरणात अडकलेय

नमस्कार मंडळी. जॉन फाउल्सची ‘द फ्रेंच लेफ्टनंट्स वूमन’ वाचायला घेतलीय. कादंबरी १९६९ची, पण गोष्ट १८६७च्या इंग्लंडमधली, लाइम रीजिस या समुद्रकाठच्या गावातली. धक्क्याच्या टोकाला काळ्या कपड्यांत समुद्राकडे बघत उभी असलेली सारा, आणि जीवाश्म गोळा करत हिंडणारा, डार्विनला मानणारा चार्ल्स. बारा प्रकरणं झरझर गेली. पुण्य पदरात पडावं म्हणून साराला घरात ठेवणाऱ्या मिसेस पोल्टनी तर अगदी आमच्या वाड्यातल्या एका काकूच!

तेराव्यात मात्र लेखक गोष्ट थांबवून चक्क सांगतो, की सारा कोण ते मलाच ठाऊक नाही, ही सगळी माझी कल्पना आहे. कीर्तनात बुवा आख्यान सोडून श्रोत्यांकडे वळतात तसं वाटलं, फक्त हे बुवा परत कथेवर येतील याचा भरवसा वाटेना. पुस्तक चार दिवस उशाशी पालथं पडलंय.

ज्यांनी वाचलीय त्यांनी सांगा, हे मध्येच डोकावणं पुढे सवयीचं होतं का? शेवट एकाहून जास्त आहेत म्हणे, ते सलग वाचलेत की थांबून? आणि प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावरचे हार्डी, टेनिसन, मार्क्स यांचे उतारे वाचायचे की सोडले तरी चालतील? मी सध्या सोडतेय आणि उगाच अपराधी वाटतंय.

चार्ल्स-साराचं पुढे काय होतं ते कृपया लिहू नका.