पार्टिशन केलेल्या टेबलाला ऑटोव्हॅक्यूम विसरतो का?

प्रश्न: सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्याचं बिलिंग सांभाळते. डेटाबेस पोस्टग्रेस १६, बिलांचं टेबल महिनावार पार्टिशन केलंय, म्हणजे दर महिन्याचा वेगळा तुकडा. व्यापारीनिहाय थकबाकीचा रिपोर्ट रखडतो. एक्सप्लेनमध्ये (क्वेरी कशी चालणार ते दाखवणारी आज्ञा) गटांचा अंदाज २००, प्रत्यक्षात ११ हजार! पार्टिशनांचं ऑटोॲनालाइझ (टेबलाची आकडेवारी आपोआप ताजी करणं) रोज होतंय, मूळ टेबलासमोर शेवटच्या ऑटोॲनालाइझचा रकाना कोराच. शेठ रोज सकाळी रिपोर्ट मागतात, जीव टांगणीला लागतो.

उत्तर: ताई, २०० हा आकडाच चुगली करतो. आकडेवारी नसली की प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) तोच धरतो. मूळ टेबलात स्वतःच्या ओळी नसतात, त्यामुळे ऑटोव्हॅक्यूम (आपोआप साफसफाई आणि ॲनालाइझ करणारी प्रक्रिया) त्याच्याकडे फिरकतच नाही. पोस्टग्रेस १४ च्या बीटात (चाचणी आवृत्तीत) मूळ टेबलाच्या ऑटोॲनालाइझची सोय आली होती, रिलीजआधी काढली. फार वाईट वाटलं होतं मला. मूळ टेबलावर ॲनालाइझ क्रॉनला (ठरल्या वेळी काम चालवणारं साधन) लावा, रात्रीचं.

उत्तर: त्याने सगळी पार्टिशनंही पुन्हा ॲनालाइझ होतात, वेळ धरून ठेवा. १८ वर गेलात तर ‘ॲनालाइझ ओन्ली’ आहे, फक्त मूळ टेबलाची आकडेवारी ताजी होते.

प्रश्नकर्ती: दादा, केलं! अंदाज १०,८०० वर आला, रिपोर्ट चहा ओतेपर्यंत हजर. मनापासून आभार. क्रॉन रात्री दोनला लावलाय.