'बुबिशी'तली मर्मस्थानं : चीनचा वारसा की नंतरची भर?

सान्चिनकर : जपानमधल्या ओकिनावा बेटाच्या कराटेत मर्मप्रहार आला तो चीनच्या फूच्यान प्रांतातून, आणि 'बुबिशी' हा त्याचा लेखी पुरावा. गुरूकडून शिष्याकडे नकलून जात राहिलेलं हे हस्तलिखित. श्वेत क्रौंच ही चिनी युद्धशैली, मर्मस्थानं, झटापटीची ४८ चित्रं, मुकामारावरची औषधं, सगळं त्यात आहे. ओकिनावाचे कराटेगुरू मियागी चोजुन यांनी आपल्या शैलीचं 'गोजू' हे नावही त्यातल्याच ओळीवरून घेतलं. मर्मं वगळून काता, म्हणजे ठरावीक हालचालींचे क्रम, शिकवणं अर्धवटच.

उलटतपासणी : नातं मान्य, निष्कर्ष नाही. त्याच हस्तलिखितात दिवसाचे दोन-दोन तासांचे १२ भाग पाडून कुठल्या वेळी कुठे मारलं की माणूस मरतो ते दिलंय. शरीर असं घड्याळ पाळत नाही. कंठमण्याच्या वरच्या कडेच्या पातळीला, मानेच्या बाजूला कॅरोटिड धमनी दुभागते. तिथे फटका बसला तर हृदयाची गती आणि रक्तदाब एकदम उतरून माणूस कोसळू शकतो. पहाटे दोनला काय नि दुपारी दोनला काय! आणि 'हलकेच दाखवतो' म्हणून सरावात तिथे मारू नका. धमनीचं अस्तर फाटलं तर गुठळी होऊन थेट मेंदूत जाऊ शकते.

सान्चिनकर : वेळापत्रक सोडून देतो. हत्यार बघा. ओकिनावाचे कराटेगुरू उएची कानबुन १८९७ मध्ये फूच्यान प्रांतातल्या फूच्यौ शहरात गेले आणि सान्चिन, सेइसान, सान्सेइर्यू या काता घेऊन आले. त्यांच्या शैलीत शोकेन आहे : तर्जनीचा मधला सांधा पुढे, अंगठ्याचा घट्ट आधार. सोकुसेन म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकाने लाथ. एवढ्याशा टोकाने कुणी कपाळावर मारत नाही. बरगड्यांखाली, काखेत, मांडीच्या आत मारतात. अंगठा सैल सुटला की सांधा आत मुडपतो, म्हणून हे जमायला वर्षं जातात.

उलटतपासणी : मऊ जागी टोकदार मारा, एवढंच त्यातून सिद्ध होतं. १७६२ च्या 'ओशिमा हिक्की' या जपानी नोंदवहीत कुसांकू नावाच्या चिनी माणसाच्या कौशल्याची नोंद आहे : एक हात छातीपाशी राखून दुसऱ्याने लढायचं, पाय चपळ वापरायचे. मर्मांचा उल्लेखही नाही.

नाहाते : दोघंही एकाच ओकिनावाबद्दल बोलताय, पण परंपरा दोन आहेत. एक नाहा शहराची, दुसरी शुरीची. फूच्यौचा ठसा नाहाकडे गडद आहे. शुरीच्या नाइहान्ची या कातात प्रत्येक हालचालीखाली मर्मबिंदू शोधणं हा बराचसा अलीकडचा उद्योग. आणि प्रात्यक्षिकात कोसळणारा जोडीदार स्तब्ध उभा असतो, हात खाली सोडून. त्याला आधी ढकलू द्या, कॉलर धरू द्या, मग बोटाएवढी जागा गाठून दाखवा.

सान्चिनकर : म्हणूनच आधी पकड. मनगट ओढून तोल मोडल्यावरच शोकेन.