मदत हवी आहे: नगरपालिकेचं जुनं दप्तर रद्दीत जाण्याआधी काय करता येईल?

जिन्याखालची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या, सिन्नर-येवला पट्ट्यातल्या एका छोट्या नगरपरिषदेच्या जुन्या कागदांबद्दल सल्ला हवा आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. कचेरीतली माणसं इथे वाचतात, आणि मला अजून त्यांच्याकडूनच काम करून घ्यायचंय.

कार्यालय नव्या इमारतीत हलणार आहे. जुन्या इमारतीत जिन्याखाली एक खोली आहे, तिलाच रेकॉर्ड रूम म्हणतात. दारातच मोडके पंखे, ट्यूबलाइटचे खोके, कुठल्याशा अभियानाचे फ्लेक्स. त्यांच्या मागे लोखंडी मांडण्यांवर रजिस्टरं आणि लाल कापडात बांधलेले गठ्ठे. घरपट्टीची एक जुनी नोंद बघायला गेले होते, तर शिपाईमामांनी किल्लीच हातात दिली.

ठरावांची पुस्तकं आहेत, घरपट्टी आकारणी, जकात नाक्याच्या वह्या, दिवाबत्तीच्या ठेक्याचे कागद, जन्म-मृत्यूची रजिस्टरं. जुनं बरंचसं मोडीत. मला मोडी तोडकीमोडकी येते. 1918 चं मृत्यूचं रजिस्टर उघडलं. ऑक्टोबर महिना. कारणाच्या रकान्यात वर 'ताप' आणि त्याखाली 'सदर', 'सदर', 'सदर', पान संपेपर्यंत. पुढच्या पानावर पुन्हा तेच. लिहिणाऱ्याचं अक्षर मधेच बदललंय. ते का बदललं असेल हा विचार डोक्यातून जात नाही.

अवस्था बरी-वाईट आहे. काही पानांवर शाईनेच कागद खाल्लाय, अक्षर होतं तिथे अक्षराच्या आकाराचं भोक. कसर सगळीकडे. खालच्या फळीला वाळवी. एका भिंतीला ओल. कोणीतरी कधीतरी फाटकी पानं सेलोटेपने चिकटवलीत, तो टेप आता चहासारखा तपकिरी झालाय आणि पानासकट निघतो.

घाई अशासाठी, की हलवण्याआधी 'निंदणी करून टाकू', म्हणजे नको असलेले जुने कागद वेगळे काढून नष्ट करू, असं चाललंय. रद्दीवाला येऊन गठ्ठे बघून गेला म्हणे. एका साहेबांना विचारलं तर म्हणाले, "कुणबी नोंदींच्या वेळी सगळं तपासून झालं, फोटो काढून झाले. आता काय ठेवायचंय त्यात?" फोटो निघाले ते फक्त कामाच्या पानांचे, बाकीची पानं कोणी बघितलीही नाहीत.

तर: असं परस्पर रद्दीत घालता येतं का? आम्ही चार-पाच जण सुट्टीच्या दिवशी मोबाइलवर स्कॅन करायला तयार आहोत, ते कसं करावं? आणि कागदांना डांबरगोळ्या ठेवाव्यात की लॅमिनेशन करावं? बजेट शून्य समजा.

बारनिशी

ताई, मी नगरपालिकेच्या नोकरीतूनच निवृत्त झालोय, तेव्हा आतल्या बाजूने सांगतो.

निंदणी करणं गैर नाही, ती व्हायलाच हवी. पण निंदणीच्या आधी वर्गीकरण असतं. 'अ' म्हणजे कायम, 'ब' 30 वर्षं, 'क' 10 वर्षं, 'क-1' 5 वर्षं, 'ड' 1 वर्ष. सभेचे ठराव आणि जन्म-मृत्यू कायम ठेवायचे. जकातीच्या वह्यांबद्दल वाद होईल. जकात बंद होऊन जमाना झाला, मुदत कधीच संपली, असं ते म्हणतील आणि नियमाने ते बरोबरही असेल. त्यासाठी वेगळी विनंती करावी लागेल.

महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम 2005 नावाचा कायदा आहे. रीत सोडून अभिलेख नष्ट केला तर 5 वर्षांपर्यंत कैद किंवा 10 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय माहिती अधिकार कायद्याचं कलम 4(1)(क) सांगतं की कार्यालयाने आपल्या कागदांची सूची नीट ठेवलीच पाहिजे. हे दोन्ही अर्जात एकेका ओळीत लिहा, धमकीच्या सुरात नको.

अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे. प्रत जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नगरपालिका प्रशासन शाखेला आणि मुंबईला पुराभिलेख संचालनालयाला. "तुम्ही कागद नष्ट करणार असं ऐकलं" हे वाक्य चुकूनही नको. "स्थलांतरापूर्वी जुन्या अभिलेखांचं वर्गीकरण होणार असल्याने त्याची यादी पाहण्यास मिळावी" एवढंच लिहा. आवक-जावकला द्या, शिक्का-तारखेसह पोच घ्या. एकदा का असा कागद फाइलला लागला, की नष्ट करायच्या यादीवर सही करायला कोणी बाबू पुढे येत नाही. आमची जात मी ओळखतो.

टेम्पोवाला

एवढं कशाला? माझा टेम्पो आहे. रात्रीत सगळं उचलून घरी आणू, नंतर काय ते बघू. रद्दीवाल्याला नेता येतं तर आपल्याला का नाही?

बारनिशी

@टेम्पोवाला, भावना पोचल्या. पण चोरीचा गुन्हा ताईंवर दाखल होईल, साहेबांवर नाही. दुसरं असं, की रजिस्टरातल्या नोंदीची खरी नक्कल द्यायचा अधिकार ज्याच्या ताब्यात रजिस्टर आहे त्या अधिकाऱ्यालाच असतो. ते घरी आणलंत की उद्या कोणाला वारसासाठी आजोबांची मृत्यूनोंद लागली तर त्या कागदाला कोण विचारणार? टेम्पो ठेवा, नव्या इमारतीत हलवताना लागेल.

रुमालबंद

कागदाचं मी बोलतो. लॅमिनेशन अजिबात नको. प्लास्टिक तापवून चिकटवलेलं पुन्हा निघत नाही आणि आतला कागद आतल्या आत सडत राहतो. सेलोटेपही नको, आणि जुना ओढून काढू नका, तसाच राहू द्या. डांबरगोळ्यांनी वाळवी मरत नाही, तुमचं डोकं तेवढं दुखेल. फवारा मारायचा तर भिंतीला आणि जमिनीला, तोही वाळवीवाल्याकडून, गठ्ठे बाहेर काढून. कागदावर एक थेंबही नको.

भोकं पडलीत ती जुन्या लोहयुक्त शाईमुळे. ती आम्लधर्मी असते, कागद जाळत जाते आणि ओल लागली की वेग वाढतो. म्हणून ती पानं ओल्या फडक्याने पुसू नका. मऊ, कोरडा ब्रश, पानाच्या मधून कडेकडे. तोंडाला एन-95 मास्क हवाच, ही बुरशीची धूळ छातीत गेली तर महिनाभर खोकाल.

शून्य बजेटमध्ये सगळ्यात मोठं काम म्हणजे गठ्ठे जमिनीपासून आणि त्या ओल्या भिंतीपासून दूर घेणं. ओलीची भिंत सोडा, मधे वीतभर जागा राहू द्या, हवा खेळू द्या. मग नाशिकला कापड पेठेत जाऊन कोरा मांजरपाट घ्या, दोनदा धुऊन खळ काढून टाका आणि त्यात बांधा. पुणे दप्तरखान्यात अशा बांधलेल्या गठ्ठ्यांना रुमालच म्हणतात, पद्धत जुनी आहे आणि अजून चालते. सुतळीने आवळू नका, कडा कापल्या जातात. रुंद सुती नाडी वापरा आणि वर-खाली पुठ्ठा द्या. वेखंडाची पुरचुंडी मांडणीत ठेवायला हरकत नाही, कागदाला टेकवून नको.

तुमचं गाव कोरड्या भागात आहे हे नशीब. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात अशा खोलीत एवढं उरलंच नसतं. तरीही हलवाहलवीत काही भिजलंच तर लक्षात ठेवा, 48 तासांत बुरशी धरू लागते. उन्हात टाकू नका. सावलीत, पंख्याखाली, पानांमधे टीपकागद घालून आणि तो बदलत राहून वाळवा.

गोदाकाठची

स्कॅनिंगचा उत्साह चांगला, पण आधी यादी. साधी वही घ्या: मांडणी, फळी, गठ्ठा, रजिस्टरावर लिहिलेलं नाव, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, लिपी, पानं साधारण किती, अवस्था. मोडी वाचता आली नाही तर 'मोडी' एवढंच लिहा. ही यादी दोन प्रतींत करून एकीवर कचेरीचा शिक्का घ्या. माझ्या मते स्कॅनपेक्षा ही जास्त कामाची. पाच हजार फोटो मोबाइलमध्ये पडून असतात आणि कुठला कशाचा हे काढणाऱ्यालाही सांगता येत नाही, हे मी फार वेळा बघितलंय. शिवाय यादीत नाव आलेलं रजिस्टर गुपचूप नाहीसं होत नाही.

मग फोटो. जाड बांधणीची रजिस्टरं चपट्या स्कॅनरवर पालथी दाबू नका, पाठ मोडते. मोबाइल स्टँडला लावून बरोबर वरून घ्या, फ्लॅश बंद, दोन्ही बाजूंनी सारखा उजेड. पान पूर्ण दिसू दे, चारी कडांसकट. कोरी पानंही घ्या, नाहीतर उद्या कोणी म्हणेल मधलं पान गाळलं. मूळ फोटोवर क्रॉप, फिल्टर काही नको. सुधारायचं ते प्रतीवर. तीन प्रती ठेवा, त्यातली एक कचेरीला, एक गावाबाहेर.

आणि मृत्यू-जन्माची, जातीच्या रकान्याची पानं फेसबुकवर टाकू नका. सध्या या नोंदींमागे लोक कसे लागलेत ते माहीत आहेच. जुन्या पानावर नवी शाई उमटायला वेळ लागत नाही. तारखेसह काढलेला अख्ख्या पानाचा फोटो असेल तर ती लबाडी पकडता तरी येते.

मोडीसाठी पुराभिलेख संचालनालयाचे वर्ग निघतात, पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. नाशिकला सार्वजनिक वाचनालयात चौकशी करा. 1840 ची संस्था आहे, जुन्या कागदांची आस्था असलेलं कोणी ना कोणी तिथे भेटतंच.

जिन्याखालची

सगळ्यांचे आभार, विशेषतः बारनिशी काका. अर्ज तुम्ही सांगितलेल्या शब्दांत दिला, पोच मिळाली. मुख्याधिकारी स्वतः खोलीत येऊन बघून गेले. निंदणी 'तूर्त स्थगित' असं तोंडी सांगितलंय, लेखी मागते आहे. शनिवारी यादी करायला परवानगी आहे, पण कचेरीतला एक माणूस सोबत बसणार. ते बरंच झालं, शिक्क्याला तोच उपयोगी पडेल.

एक अडचण राहिली. खालच्या फळीवरचे काही गठ्ठे वाळवीच्या मातीने एकमेकांना चिकटून वीट झालेत. वरच्यावर 'ठराव' एवढंच वाचता येतंय. चाकूने सोडवू का?

रुमालबंद

नको. वाळवी जिवंत आहे का तेवढं बघा. असेल तर ती वीट बाकीच्या गठ्ठ्यांपासून लांब, बाहेर कोरड्या व्हरांड्यात काढा. बाहेरची सुटी माती ब्रशने झाडा, वर-खाली पुठ्ठा द्या, सैल बांधा आणि यादीत 'न उघडलेला' लिहून क्रमांक द्या. पुराभिलेख संचालनालयाला पाठवायच्या पत्रात या गठ्ठ्यांचा वेगळा उल्लेख करा, फोटो जोडा. ते हात शिकलेल्या माणसाचे लागतात.