मॉडर्न जॅझ इंटरमिजिएटची तयारी कशी करून घ्यावी? आणि तोपर्यंत भरतनाट्यम थांबवावं का?

ऋतूची_आई (लेस्टर)

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय, सांभाळून घ्या. मुलगी १६ वर्षांची आहे, या टर्मच्या शेवटी तिची मॉडर्न जॅझची इंटरमिजिएट परीक्षा आहे. आधीची इंटरमिजिएट फाउंडेशन झालीय, त्यात मेरिट होतं. सेट एक्सरसाइज (परीक्षेसाठी ठरवून दिलेले) सगळे पाठ आहेत, झोपेतून उठवलं तरी करेल अशी परिस्थिती, पण तिच्या टीचर दर आठवड्याला एकच सांगतात की सगळं स्वच्छ आहे पण एकसुरी दिसतं, डायनॅमिक्स नाहीत. आता डायनॅमिक्स आणायचे म्हणजे घरी नेमकं काय करायचं हे तिलाही कळत नाही आणि मला तर त्यातलं काहीच कळत नाही. दुसरं म्हणजे ऐनवेळी दिलेलं कॉम्बिनेशन (स्टेप्सची छोटी जुळणी) पटकन उचलायला ती घाबरते, पहिल्यांदा करताना अर्धं विसरते आणि मग चेहरा पडतो.

आणि मोठा प्रश्न असा की ती लहानपणापासून भरतनाट्यम शिकतेय, पुढच्या वर्षी अरंगेत्रम (रंगमंचावरचा पहिला पूर्ण एकल कार्यक्रम) करायचं ठरतंय. क्लासमधल्या एक-दोन आयांचं म्हणणं पडलं की भरतनाट्यममुळेच तिचं जॅझ ताठ दिसतं, परीक्षेपर्यंत ते बंद ठेवा. मला ते मनापासून पटत नाहीये, पण परीक्षेचं नुकसानही नकोय. उजवा पाय वर किक करताना कंबरेच्या सांध्यात पुढच्या बाजूला कट असा आवाज येतो असंही हल्ली म्हणते, दुखत नाही म्हणते. कोणाची मुलं यातून गेली असतील तर प्लीज सांगा.

जॅझ_ताई (बर्मिंगहॅम)

मी इथे बरीच वर्षं जॅझ शिकवते आणि स्वतः पुण्यात भरतनाट्यम शिकलेली आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी जिव्हाळ्याचा. बंद करू नका. अमेरिकेत ज्यांना थिएटर जॅझचे जनक म्हणतात ते जॅक कोल (१९११–१९७४) स्वतः ‘ला मेरी’ या अमेरिकन नर्तिकेकडे भरतनाट्यम शिकले होते आणि त्या हालचाली स्विंग म्युझिकवर बसवून नाचायचे. त्यांचे शिष्य मॅट मॅटॉक्स १९७० च्या दशकात लंडनमध्ये शिकवत होते. म्हणजे मान, खांदे, बरगड्या सुट्या सुट्या हलवायच्या हे जे आयसोलेशन आज क्लासमध्ये घेतात त्यात आपल्या नाचाचाही एक धागा आहे. मूळ अर्थात आफ्रिकन-अमेरिकन लोकांच्या नाचात, हार्लेमच्या सॅव्हॉय बॉलरूममधला लिंडी हॉप वगैरे, आणि तिथूनच जॅझचा ठेका आणि जमिनीकडे ओढलेलं वजन आलंय. तुमच्या मुलीचं अडतंय ते इथेच असणार.

एकसुरी का दिसतं ते सांगते. आपला कान समेवर तयार झालेला असतो, आपण एकावर येतो. जॅझचा जोर दोन आणि चारवर. शिवाय स्विंगमध्ये एका मात्रेचे दोन तुकडे सारखे नसतात, पहिला लांब आणि दुसरा आखूड. हे तिला इंग्रजीत समजावत बसू नका, सरळ तिस्र (तीन-तीनची लय) म्हणायला लावा: तकिट तकिट तकिट तकिट, आणि पाय फक्त 'त' आणि 'ट' वर टाकायचा, 'कि' गिळायचं. झालं स्विंग! मग तेच करत घरभर चालायचं आणि दोन-चारवर चुटकी. चालणं, चुटकी आणि तोंडाने म्हणणं तिन्ही जमलं की मगच सेट एक्सरसाइज म्युझिकवर करायचे. माझ्या क्लासमधल्या भरतनाट्यमच्या मुलींना हे समजलं की चेहराच उजळतो, कारण त्यांना सोल्लुकट्टू (नाचाचे बोल) म्हणायची सवय असते.

पुढची पायरी, प्रत्येक कॉम्बिनेशनचे तिने स्वतःचे बोल बनवायचे. किक आली की तिथे तोडून 'ता!', स्लाइड आली की 'धीईईं', कॉन्ट्रॅक्शनला श्वास सोडून 'हं'. न नाचता नुसतं म्हणून दाखव म्हणायचं. म्हणताना जर सगळं एकाच आवाजात आलं तर नाचही तसाच येणार, त्यामुळे आधी तोंडात चढउतार येऊ दे. तिची टीचर डायनॅमिक्स म्हणते ते हेच, कुठे झटका, कुठे लांबवणं, कुठे थांबून मग सोडणं.

आता ताठ दिसण्याचं. एकदा तिचा व्हिडिओ काढा आणि फक्त हात बघा. भरतनाट्यमच्या मुलींचा अंगठा नकळत दुमडून पताका ही हस्तमुद्रा होते, बोटं चिकटतात, मी क्लासमध्ये मागून बघूनही ओळखते कोण काय शिकलंय ते. मग पाय बघा. वर्षानुवर्षं तट्टू (सपाट पाऊल आपटणं) मारलेला पाय सपाट पडतो, जॅझमध्ये उडीवरून उतरताना बोटं, चवडा, टाच असं उलगडत यायला हवं आणि आवाज यायला नको. तिसरं म्हणजे पाठ. आपण अरमंडीत (गुडघे बाहेर वाकवून अर्धं बसून) धड एक सलग धरतो, तर कॉन्ट्रॅक्शनमध्ये ओटीपोट आत घेऊन माकडहाड खाली वळतं आणि पाठीचा खालचा भाग गोल होतो. ती बहुतेक नुसते खांदे पुढे आणत असेल. जमिनीवर उताणं झोपून, गुडघे वर, कंबर जमिनीला चिकटवून सोडायची, असं रोज सावकाश केलं की खरं कॉन्ट्रॅक्शन कुठून निघतं ते कळतं. आणि पॅरलल म्हणजे पॅरलल, पाऊल आणि गुडघा सरळ समोर, अर्धवट उघडे पाय लगेच दिसतात.

सायली_एम (मँचेस्टर)

मी ही परीक्षा दिलीय, डिस्टिंक्शन आलं, म्हणून ऐनवेळच्या कॉम्बिनेशनबद्दल सांगते कारण मलाही त्याचीच भीती होती. आम्ही मैत्रिणी एकमेकींना रोज एक छोटं कॉम्बिनेशन द्यायचो, आठ-आठचे दोन काउंट, फक्त दोनदा दाखवायचं आणि लगेच करायचं, चुकलं तरी थांबायचं नाही. सगळ्यात आधी पाय पकडायचे, कुठल्या पायावर वजन आहे आणि तोंड कुठे आहे एवढं कळलं की हात मागून येतात. मी आधी हात पाठ करायचे आणि वजन चुकीच्या पायावर राहून पुढचं सगळंच कोसळायचं. एक्झामिनरला काय दिसतं तर तुम्ही गोंधळलात की सावरलात, त्यामुळे स्टेप गेली तरी ठेका सोडू नको असं ऋतूला सांगा.

परीक्षेच्या दिवशी खोलीत टीचर नसते, मुलींना हे माहीत असतं पण सवय नसते. आम्ही शेवटच्या आठवड्यांत टीचरला बाहेर उभं करून पूर्ण मॉक केली, नंबर पुढे-मागे पिन करून, केस बांधून, तेच लिओटार्ड घालून. पिन केलेला नंबर फ्लोअरवर्क करताना टोचतो हे आदल्या आठवड्यात कळलेलं बरं! आणि डावी बाजू. सरावाची सुरुवात डावीकडून करा, उजवीकडे तेव्हा करा जेव्हा दमलेलो असतो. माझी डावी पिरुएट (एका पायावरची गिरकी) तशीच सुधारली, त्याआधी मी डावीकडे नुसती उरकायचे.

प्रशांत_के (स्लाउ)

माझं मत जरा वेगळं आहे. आमच्या मुलीने दोन्ही एकत्र चालू ठेवलं आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर नडगी इतकी दुखायला लागली की उड्याच बंद कराव्या लागल्या. भरतनाट्यमचा तट्टू, वर जॅझच्या उड्या, वर शाळेचं नेटबॉल. ताठपणा वगैरे मला कळत नाही पण शरीराला विश्रांती नको का? शेवटचे काही आठवडे तरी अडवूचा (पायांच्या मूळ स्टेप्सचा) भार कमी करा असंच मी म्हणेन, मग भले अभिनय, पदम (अभिनयप्रधान रचना) वगैरे चालू ठेवा.

जॅझ_ताई (बर्मिंगहॅम)

प्रशांतदादा, हे अगदी बरोबर आहे आणि मी ते आधी लिहायला हवं तितकं स्पष्ट लिहिलं नाही. बंद नको, पण अडवू कमी आणि अभिनय चालू, हे उत्तम. गुरूंना आधी विश्वासात घ्या म्हणजे झालं, अरंगेत्रमवाल्या बहुतेक गुरूंना मुलगी धडधाकट हवीच असते.

फिजिओ_मानसी (लंडन)

सांध्यातल्या आवाजाबद्दल लिहिते. पुढच्या बाजूला कट होणं आणि न दुखणं हे नाचणाऱ्या मुलींमध्ये खूप कॉमन आहे, बऱ्याचदा मांडी वर उचलणारा स्नायू हाडावरून सरकताना त्याचा कंडरा आवाज करतो. दुखत नसेल तर घाबरू नका, पण मुद्दाम परत परत आवाज काढून बघायची मुलींना सवय लागते, ती मोडा. किक करताना वर जाणाऱ्या पायाच्या बाजूची कंबर वर उचलली जातेय का बघा, उंचीच्या हव्यासापायी असं होतं. पाय थोडा खाली ठेवून कंबर सरळ ठेवली तर आवाज बऱ्याचदा जातो आणि किकही जास्त नीट दिसते. दुखायला लागलं, लंगडायला झालं किंवा रात्री ठणकलं तर मात्र ऑनलाइन विचारत बसू नका, जीपी (फॅमिली डॉक्टर) किंवा फिजिओकडे जा. नडगीच्या एकाच जागी बोट ठेवलं की दुखत असेल तरीही तसंच, तिथे उड्या लगेच थांबवायच्या.

आणखी दोन गोष्टी ज्यांच्याकडे घरोघरी दुर्लक्ष होतं. एक, कार्पेटवर पिरुएट नको, पाऊल अडकतं आणि पीळ गुडघ्यात जातो. लिनोचा (गुळगुळीत लिनोलियम फ्लोअरिंगचा) एक तुकडा आणून टाका. दोन, थंड अंगाने स्प्लिट्समध्ये बसायचं नाही. आधी चालणं, हलक्या उड्या, पाय झुलवणं, अंग गरम झालं की मग. खूप वेळ एकाच ताणात बसून लगेच उड्या मारल्या तर उडीची ताकद उलट कमी होते, लांब स्ट्रेचिंग सरावानंतर ठेवा. आणि तिला पोटभर जेवू द्या. या वयात हाडं तयार होत असतात, पाळी अनियमित झाली किंवा थांबली तर ते डान्समुळे होतंच म्हणून सोडून देऊ नका.

ऋतूची_आई (लेस्टर)

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. तकिटवालं आज संध्याकाळी सांगितलं, पाचच मिनिटांत जमलं तिला आणि मग ओट्याजवळ उभी राहून चुटक्या वाजवत बसली. व्हिडिओही काढला, जॅझ_ताई तुम्ही म्हणालात तसं दोन्ही हातांचे अंगठे आत! ती स्वतःच बघून 'अगं आई, हे मी असं करते?' म्हणाली. गुरूंशी उद्या बोलते. अजून एक, यूसीएएसला (युनिव्हर्सिटी प्रवेशाला) याचे पॉइंट्स मिळतात ना? तिला पुढे फिजिओलाच जायचंय म्हणून विचारतेय.

सायली_एम (मँचेस्टर)

हो, इंटरमिजिएट लेव्हल ३ धरतात, फाउंडेशन लेव्हल २. पॉइंट्स निकालावर अवलंबून असतात. पण सगळ्याच युनिव्हर्सिटी ऑफर देताना ते धरत नाहीत, फिजिओसारख्या कोर्सला बऱ्याच ठिकाणी ए-लेव्हलचे (इथल्या बारावीचे) ग्रेड्सच मागतात. त्या त्या कोर्सच्या पानावर बघा आणि पर्सनल स्टेटमेंटमध्ये मात्र नक्की लिहायला सांगा.

फिजिओ_मानसी (लंडन)

फिजिओला यायचंय हे वाचून फारच छान वाटलं. परीक्षा झाली की मला मेसेज करायला सांगा तिला, डान्सर्ससोबतच्या कामाबद्दल तिला काय विचारायचं असेल ते विचारू दे.