मदत हवी आहे: ग्रॅफीन कंपनीचे शेअर्स घ्यावेत का?

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. ग्रॅफीन (कार्बनच्या अणूंचा एका थराचा अतिपातळ पदार्थ) बनवणाऱ्या एका परदेशी कंपनीत थोडे पैसे गुंतवायचा विचार आहे. पदार्थावर माझा विश्वास आहे. 2004 साली मँचेस्टरमध्ये गाइम आणि नोवोसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे थर सोलून तो वेगळा केला, 2010 ला नोबेलही मिळालं. अडतंय ते कंपनीच्या हिशोबापाशी.

वार्षिक अहवालात करार, पेटंट, चाचण्या भरपूर. पण उत्पन्नात अनुदान किती आणि खरी विक्री किती, हे नीट उलगडत नाही. त्यात दरवर्षी नवे शेअर्स काढतात, म्हणजे आपला हिस्सा पातळ होत जाणार. माल खरंच मोजक्या थरांचा आहे की बारीक दळलेलं ग्रॅफाइट, हे रामन चाचणीवरून (मालावर लेझर टाकून विखुरलेला प्रकाश तपासतात ती) कळतं म्हणे. तो रिपोर्ट कसा वाचायचा?

परदेशी शेअर्स आयकर रिटर्नमध्ये शेड्यूल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात) दाखवावे लागतात, एवढं आमच्या सीएंनी सांगितलंय. मटेरियल सायन्सवाले किंवा अशा कंपनीत पैसे घातलेले कुणी असाल तर कृपया सांगा, आधी काय तपासू? टिप नको, तपासायची रीत हवी. पैसे मुलीच्या शिक्षणाचे नाहीत, तरी घामाचे आहेत.