फॉस्फेट लागला म्हणजे कायनेज चालू झाला, असं नाही

कायनेज म्हणजे इतर प्रथिनांवर फॉस्फेट बसवणारं एन्झाइम. त्याच्याबद्दल म्हणतात की त्याला स्वतःला फॉस्फेट चिकटला की तो चालू होतो. हे अर्धंच खरं. फॉस्फेट नेमका कुठे बसला, यावर सगळं ठरतं.

पेशी-विभाजनातला कायनेज सीडीके-२ घ्या. सायक्लिन हे जोडीदार प्रथिन नसताना त्याची सी-हेलिक्स (कायनेजमधला एक सर्पिल भाग) बाहेर वळलेली असते. सायक्लिन चिकटला की ती आत सरकते आणि थ्रिओनिन-१६० वर (म्हणजे साखळीतल्या १६०व्या जागेच्या थ्रिओनिन या अमिनो आम्लावर) फॉस्फेट बसला की पूर्ण जोर येतो. पण टायरोसिन-१५ वरही फॉस्फेट असेल तर सगळी तयारी असूनही काम ठप्प, सीडीसी-२५ हे फॉस्फेट काढणारं एन्झाइम तो काढेपर्यंत. जीएसके-३ बीटा हा कायनेज तर उलट्याच स्वभावाचा: मुळात चालू, आणि एकेटी या दुसऱ्या कायनेजने सेरीन-९ वर फॉस्फेट लावला की मंदावतो.

पीकेए या कायनेजमध्ये फसगत जास्त होते. त्याच्या थ्रिओनिन-१९७ वर फॉस्फेट जवळपास कायमचाच असतो. खरा लगाम दोन नियामक उपघटकांच्या हातात: प्रत्येकावर दोन, असे सीएएमपी या निरोप्या रेणूचे चार रेणू बसले की प्रत्यक्ष काम करणारे उत्प्रेरक उपघटक मोकळे होतात. त्यामुळे ब्लॉटवर (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत) १९७ ची पट्टी दिसली म्हणून पीकेए सक्रिय म्हणू नका. पीकेए ज्यावर फॉस्फेट बसवतो, त्या सीआरईबी प्रथिनाचं सेरीन-१३३ बघा. मात्र तिथे इतर कायनेजही हात मारतात, म्हणून पीकेए-रोधक घातलेला नमुना शेजारी हवाच.

आणि पेशी फोडताना फॉस्फेटेज-रोधक (फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमांना थांबवणारं रसायन) विसरलात तर पट्टी फिकी येणारच. टायरोसिनवरचा फॉस्फेट टिकवायला ऑर्थोव्हॅनाडेट हा रोधक वापरत असाल तर त्याच बफरमध्ये धातू पकडणारा ईडीटीए नको, तो व्हॅनाडेटला पकडून निकामी करतो.