मदत हवी आहे: गाजर गवताची तक्रार नेमकी कुठे करायची?

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून एक मोकळा प्लॉट आहे. पाऊस सुरू झाल्यापासून तिथे गाजर गवत कमरेएवढं वाढलंय. आत्ता कुठे टोकाला पांढऱ्या कळ्या दिसायला लागल्यात, म्हणून घाई आहे. एकदा फुललं की एकेका झाडाचं हजारो बी पडतं, मग उपटून काही उपयोग नाही.

पलीकडेच अंगणवाडी आहे. सासूबाईंना दमा आहे, फुलोऱ्याच्या दिवसांत त्यांना खिडकी उघडता येत नाही. गेल्या वर्षी मी हातमोजे न घालता थोडं उपटलं, तर मनगटापासून कोपरापर्यंत लाल चट्टे उठले, आठवडाभर खाज.

महापालिकेच्या ॲपवर फोटो टाकून तक्रार केली. चार दिवसांनी 'जागा खाजगी आहे' एवढं लिहून बंद केली. उद्यान विभाग म्हणतो घनकचरा विभागाकडे जा, ते म्हणतात वॉर्ड ऑफिसला अर्ज द्या. प्लॉटचा मालक कोण, कुणालाच माहीत नाही.

कुणी अशा खाजगी जागेच्या मालकाला नोटीस काढायला लावली आहे का? अर्ज कुणाच्या नावे करायचा? मालकाचं नाव सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर मिळेल ना?

आणखी एक. हे गवत खाणारे मेक्सिकन भुंगेरे पावसाळ्यात सोडतात. ते कृषी विद्यापीठातून कुणी आणलेत का? तणनाशक मारायला मी तयार नाही, शेजारी मुलं खेळतात.